दुधाची अ‍ॅलर्जी आणि आतड्यातील जिवाणू : एका आईच्या प्रश्नाला उत्तर

पुण्याच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ दहा महिन्यांचे आहे. जन्म सिझेरियनने झाला आणि जंतुसंसर्गाच्या शंकेमुळे पहिले पाच दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध दिले. सातव्या महिन्यात गाईच्या दुधात शिजवलेली नाचणीची खीर दोन चमचे भरवली, तेव्हा दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले आणि उलटी झाली. त्वचेवरील चाचणी आणि रक्ततपासणी यांत दुधाची अ‍ॅलर्जी निश्चित झाली. आता नात्यातले कोणी म्हणते की सिझेरियन आणि प्रतिजैविके यांमुळे बाळाच्या पोटातले चांगले जिवाणू नाहीसे झाले, कोणी प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, पुड्या सुरू करायला सांगते, आणि एका प्रयोगशाळेने शीच्या नमुन्यावरून आतड्यातील जिवाणूंचा सविस्तर अहवाल काढून देण्याची तयारी दाखवली आहे. यात खरे किती, आणि करायचे काय?

मी गेली अनेक वर्षे लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीवर उपचार करतो आणि हा प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. पूर्वी पालक 'याला काय खायला घालू नये' एवढेच विचारीत. आता ते जिवाणूंची नावे घेऊन येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणून आधी थेट उत्तर देतो आणि मग त्याची कारणे सांगतो. आतड्यातील जिवाणूंचा अन्नाच्या अ‍ॅलर्जीशी संबंध आहे, आणि निदान प्राण्यांमध्ये तो संबंध कार्यकारणाचा आहे हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. मात्र त्या ज्ञानातून आपल्या बाळाची आजची अ‍ॅलर्जी बरी करील असे कोणतेही जिवाणू आज औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्यांतली एकच ऐकल्यामुळे होतो.

प्रथम एक गोष्ट उलट बाजूने पाहावी लागते. अ‍ॅलर्जी का होते, यापेक्षा ती बहुतेकांना का होत नाही, हा अधिक अवघड प्रश्न आहे. अन्न म्हणजे शरीराच्या दृष्टीने परकी प्रथिनेच. आयुष्यभरात कित्येक टन परके पदार्थ आपण गिळतो, आणि ज्या प्रतिकारयंत्रणेने एखाद्या विषाणूच्या सूक्ष्म तुकड्यावरही तुटून पडायचे असते, ती यंत्रणा वरण-भातापुढे शांत राहते. ही शांतता आपोआप आलेली नसते, ती शिकवलेली असते. आतड्याच्या आतील अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते, त्यावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि अस्तराखाली शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा तळ ठोकून असतो. तेथील काही पेशी अन्नातील प्रथिनांचे नमुने उचलून जवळच्या लसिकाग्रंथींमध्ये नेतात, आणि तेथे 'नियामक टी-पेशी' तयार होतात. या पेशींचे काम इतर पेशींना आवरण्याचे. त्या पुरेशा आणि सक्षम असतील तर दूध हे अन्न म्हणून स्वीकारले जाते, आणि त्या कमी पडल्या तर दुधाविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. ही प्रतिपिंडे त्वचेत व आतड्यात असणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि पुढच्या वेळी दूध पोटात गेले की त्या पेशी हिस्टामिन हे सूज व खाज आणणारे रसायन ओततात. बाळाच्या ओठांवर आपण जी सूज पाहिली, ती या साखळीची शेवटची कडी होती.

या शिकवणीत जिवाणूंचा वाटा आहे, हे कशावरून ठरले? जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये, म्हणजे ज्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नाही अशा उंदरांमध्ये, अन्नाविषयीची सहनशीलता नीट घडत नाही, हे बरेच आधीपासून माहीत होते. शिकागो विद्यापीठातील कॅथरीन नागलर यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याच्या पुढचे पाऊल टाकले. जंतुविरहित उंदीर, तसेच जन्मापासून प्रतिजैविके दिलेले उंदीर, शेंगदाण्याच्या प्रथिनांना जास्त तीव्रतेने संवेदनशील झाले. त्यांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिया या गटातील जिवाणू सोडले, तेव्हा ही संवेदनशीलता रोखली गेली. यामागची एक यंत्रणाही सापडली. या जिवाणूंमुळे आतड्यातील काही पेशी इंटरल्युकिन-२२ नावाचे रसायन अधिक प्रमाणात सोडतात, त्याने अस्तराची तटबंदी घट्ट होते आणि शेंगदाण्याचे प्रथिन रक्तात कमी प्रमाणात उतरते.

क्लॉस्ट्रिडिया हे नाव ऐकून माझ्या वयाच्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, कारण धनुर्वाताचा जिवाणू याच मोठ्या कुळातला. पण या कुळात घातक सदस्य अगदी थोडे आहेत आणि आतड्यात सुखाने नांदणारे पुष्कळ. जपानमधील केन्या होंडा यांच्या गटाने माणसाच्या शीतून याच कुळातील १७ वाण वेगळे काढून, ते उंदरांमध्ये नियामक टी-पेशींची संख्या वाढवतात, हे २०१३ साली दाखवले होते. हे जिवाणू आपण न पचवलेल्या चोथ्यावर जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे लहान स्निग्धाम्ल तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे, शिवाय ते नियामक टी-पेशी घडण्यालाही हातभार लावते. म्हणजे आपण खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीतील किंवा मोड आलेल्या मटकीतील जो भाग आपल्या उपयोगाचा नाही असे वाटते, तोच भाग या जिवाणूंच्या हातून प्रतिकारयंत्रणेपर्यंत पोहोचतो.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे संशोधन २०१९ सालचे आहे. नागलर यांच्याच गटाने निरोगी तान्ह्या मुलांच्या आणि गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांच्या शीतील जिवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये रुजवले. निरोगी बाळांचे जिवाणू मिळालेले उंदीर दुधातील प्रथिनाच्या तीव्र प्रतिक्रियेपासून वाचले, तर अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांचे जिवाणू मिळालेले, तसेच एकही जिवाणू नसलेले उंदीर वाचले नाहीत. पुढे या गटाला अ‍ॅनेरोस्टायपीस कॅकी ही एक प्रजाती सापडली, जी एकटीही उंदरांना पुष्कळसे संरक्षण देऊ शकली. ही प्रजातीही ब्युटिरेट बनवणारी आहे. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये तलाल शतीला आणि रीमा रशीद यांच्या गटाने वेगळ्या वाटेने जाऊन जवळजवळ त्याच ठिकाणी मुक्काम केला. क्लॉस्ट्रिडिया गटातील मोजक्या प्रजातींचे मिश्रण दिल्याने अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांमध्ये नियामक पेशी सुधारल्या आणि प्रतिक्रिया मंदावली. दोन स्वतंत्र प्रयोगशाळा एकाच कुळाकडे बोट दाखवत असतील, तर तिकडे लक्ष द्यावेच लागते.

माणसांमधील पुरावा याहून अशक्त आहे. माणसाच्या बाळाला जंतुविरहित पेटीत वाढवता येत नाही, त्यामुळे आपण बहुतेक वेळा फक्त 'हे आणि ते एकत्र दिसले' एवढेच म्हणू शकतो. तरीही एक निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या २२६ मुलांच्या शीचे नमुने लहानपणीच घेऊन नंतर काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. आठव्या वर्षापर्यंत निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची अ‍ॅलर्जी आपोआप सुटली. ज्यांची सुटली त्यांच्या तीन ते सहा महिन्यांच्या वयातील नमुन्यांत क्लॉस्ट्रिडिया व त्यांच्या नातलग जिवाणूंचे प्रमाण जास्त होते. मात्र सहा महिन्यांनंतर घेतलेल्या नमुन्यांत असा फरक दिसला नाही. याचा अर्थ, जिवाणूंचा ठसा उमटण्याचा काळ बहुधा फार लवकरचा असतो. आपले बाळ आता दहा महिन्यांचे आहे, आणि आज त्याच्या पोटात काय घालावे असे विचारताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आता सिझेरियनविषयी, कारण प्रश्नाच्या शब्दांआडून मला अपराधीपणा ऐकू येतो. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात पहिल्या काही आठवड्यांत येणारे जिवाणू वेगळे असतात हे खरे आहे. त्यांना आईच्या योनिमार्गातील व आतड्यातील जिवाणूंऐवजी त्वचेवरचे आणि रुग्णालयाच्या परिसरातले जिवाणू आधी मिळतात. पण वेगळे जिवाणू म्हणजे अ‍ॅलर्जी, ही उडी प्रत्यक्ष पुराव्याने टिकत नाही. मेलबर्नमधील 'हेल्थनट्स' या मोठ्या अभ्यासात एक वर्षाच्या मुलांना प्रत्यक्ष अन्न खाऊ घालून अ‍ॅलर्जीची खात्री केली गेली, आणि त्यात सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण १२.७ टक्के, तर नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्यांत १३.२ टक्के आढळले. म्हणजे काहीच फरक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या देशात पाचांतील एकाहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने होतात, आणि त्या बाळांतील फारच थोड्यांना दुधाची अ‍ॅलर्जी होते. नात्यातील मंडळींना हे जरूर सांगावे.

प्रतिजैविकांचा मुद्दा थोडा वेगळा आहे. अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांतील सुमारे ७ लाख ९२ हजार मुलांच्या आरोग्यनोंदींचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सहा महिन्यांत प्रतिजैविके मिळालेल्या मुलांत दम्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास वाढलेले दिसले, पण अन्नाच्या अ‍ॅलर्जीतील वाढ किरकोळ, साधारण १४ टक्क्यांची होती. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. पोटातील आम्ल कमी करणारी औषधे ज्या तान्ह्या मुलांना दिली गेली, त्यांच्यात अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे निदान दुपटीहून अधिक वेळा झाले. असा अभ्यास कारण सिद्ध करीत नाही. दुधाच्या अ‍ॅलर्जीमुळेच बाळ ओकत असेल आणि म्हणून त्याला आम्लरोधक दिले गेले असेल, हेही शक्य आहे. तरीही येथे एक सरळ तर्क आहे. जठरातील आम्ल प्रथिनांचे तुकडे करते आणि आतड्यात कोणते जिवाणू पोहोचावेत यावर पहारा ठेवते, आणि तो पहारा उठवला की दोन्ही बाजूंनी गडबड होते. दूध पिऊन थोडेसे ओकणाऱ्या, पण वजन छान वाढणाऱ्या बाळांना ही औषधे सर्रास लिहून दिली जातात. ती लिहिण्याआधी दोनदा विचार करावा असे मी माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना नेहमी सांगतो. आपल्या बाळाला पहिल्या पाच दिवसांत दिलेली प्रतिजैविके मात्र याच पंक्तीत बसवू नयेत. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका असताना ती न देणे हा जिवाशी खेळ ठरला असता.

या सगळ्या चर्चेत आपल्या देशाचा अनुभव फार बोलका आहे, आणि तो पाश्चात्त्य पुस्तकांत क्वचितच येतो. युरोपीय संघाच्या पाठबळाने झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात सात ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली गेली. लक्षणे आणि तपासण्या दोन्ही जुळून अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची दाट शक्यता असलेली मुले हाँगकाँगमध्ये सुमारे १.५ टक्के होती, तर भारतातील केंद्रात केवळ ०.१४ टक्के. आणि तरीही भारतातील पुष्कळ मुलांच्या रक्तात अन्नाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे होती. प्रतिपिंडे आहेत, पण पदार्थ खाल्ल्यावर काहीच होत नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच लक्षणे नसताना केवळ रक्ताच्या अहवालावरून मुलांची वीस-वीस पदार्थांची पथ्ये लिहून देणे ही आपल्याकडची मोठी चूक आहे. अशी कागदे घेऊन आलेली, वजन घटलेली मुले मी पाहतो, आणि त्यांतील बहुतेकांवर करायचा उपचार म्हणजे तो कागद बाजूला ठेवून त्यांना पुन्हा खायला घालणे हाच असतो.

आता याच समूहातील लोक दुसऱ्या देशात गेल्यावर काय होते ते पाहावे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या पाहणीत, आशियात जन्मून नंतर तेथे गेलेल्या मुलांत काजू-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळे आणि शेंगदाणे यांची अ‍ॅलर्जी कमी आढळली, पण आशियाई आईवडिलांच्या पोटी ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या मुलांत ती तेथील इतर मुलांपेक्षाही अधिक आढळली. जनुके तीच आहेत, त्यामुळे बदलले ते पहिल्या काही महिन्यांतील वातावरण, मग त्यात माती, पाणी, आहार, ऊन आणि आतड्यातील जिवाणू हे सगळे आले. मेलबर्न किंवा सिडनीत राहणारे मराठी पालक सुट्टीत पुण्याला आल्यावर 'आमच्या घराण्यात असले काही कोणालाच नव्हते' असे सांगतात, तेव्हा ते खरेच सांगत असतात.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ साली, मोठी भावंडे जास्त असतील तर गवतज्वर, म्हणजे परागकणांमुळे येणाऱ्या शिंका व सर्दी, कमी होतो, असे निरीक्षण मांडले आणि त्यातून 'स्वच्छतेचा सिद्धान्त' जन्माला आला. या नावाने मात्र नुकसानच केले, कारण अस्वच्छता हितकर असते असा त्याचा अर्थ लावला जातो. गॅस्ट्रो, गोवर किंवा जंत यांनी कोणाची अ‍ॅलर्जी रोखली जावी अशी अपेक्षा करू नये. ग्रॅहम रूक यांनी पुढे मांडलेली 'जुने मित्र' ही कल्पना मला अधिक नेमकी वाटते. मानवी उत्क्रांतीत आपल्या सोबत राहिलेले निरुपद्रवी सूक्ष्मजीव, म्हणजे मातीतले, गुरांच्या गोठ्यातले आणि आपल्या आतड्यातले, हे प्रतिकारयंत्रणेचे शिक्षक आहेत, रोगजंतू नव्हेत. तेव्हा बाळाने अंगणात रांगावे, घरच्या कुत्र्याशी खेळावे, पण पाणी उकळलेलेच प्यावे.

जिवाणूंच्या गोष्टीत एक मोठी बाजू नेहमी राहून जाते, ती त्वचेची. सध्याच्या समजुतीनुसार अन्नाची पहिली ओळख तोंडावाटे झाली तर सहनशीलतेकडे कल जातो आणि फुटलेल्या, खाजऱ्या त्वचेतून झाली तर अ‍ॅलर्जीकडे. लंडनच्या गिडियन लॅक यांनी २००३ साली शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी यांचा संबंध दाखवला. जपानमध्ये गव्हाचे प्रथिन मिसळलेला चेहऱ्याचा एक साबण वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. आधी ते लोक वर्षानुवर्षे गहू खात होते आणि त्यांच्या आतड्यातील जिवाणू काही एका रात्रीत बदलले नव्हते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला डाळीचे पीठ आणि दुधाची साय लावून चोळण्याची पद्धत आहे. निरोगी त्वचेवर त्याने सहसा काही बिघडत नाही. पण ज्या बाळाच्या गालांवर आणि कोपरांच्या लवणीत इसब आहे, त्याच्या त्वचेवर हरभऱ्याचे व दुधाचे प्रथिन रोज घासणे हे वरील सगळे पाहता शहाणपणाचे नाही. आपल्या बाळाला असे काही लावले जात होते का, हे मी तपासणीच्या वेळी नक्की विचारले असते.

आता पुड्यांकडे येऊ. प्रोबायोटिक म्हणून मिळणारे जिवाणू बहुतांशी लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम या जातींचे, किंवा एखादे यीस्ट असते. उंदरांना वाचवणारे क्लॉस्ट्रिडिया त्यांत नसतात, कारण प्राणवायूचा स्पर्श होताच मरणारे हे जीव पुडीत भरणे सोपे नाही. म्हणजे संशोधन एका जिवाणूवर आणि विक्री दुसऱ्याची, असा प्रकार आहे. मेलबर्नमध्येच शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर वाढत्या मात्रेने शेंगदाणा भरवण्याच्या उपचाराला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससची जोड दिली गेली, तेव्हा सुरुवातीच्या निष्कर्षांनी मोठी आशा निर्माण केली. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ शेंगदाणा दिलेल्या मुलांपैकी ५१ टक्के आणि जिवाणूंसह दिलेल्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची अ‍ॅलर्जी आटोक्यात आली, तर औषधाविना गटात ५ टक्क्यांची. काम शेंगदाण्याने केले होते, जिवाणूंनी नव्हे. नेपल्समधील बर्नी कनानी यांच्या गटाने दुधाची प्रथिने बारीक तोडलेल्या पावडरीत लॅक्टोबॅसिलस जीजी मिसळल्यास दुधाची अ‍ॅलर्जी लवकर सुटते असे दाखवले आहे आणि ते निष्कर्ष गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. मात्र अमिनो आम्लांच्या पावडरीत बिफिडोबॅक्टेरियम आणि त्याचे खाद्य मिसळून केलेल्या दुसऱ्या चाचणीत एक वर्षानंतर तसा फायदा दिसला नाही. शिवाय आपले बाळ अंगावर पीत आहे, तेव्हा त्याला पावडरीवर आणण्याचे कारण नाही.

आणखी एक धोका आहे, जो दुकानदार सांगत नाही. काही प्रोबायोटिक दुधाच्या माध्यमात वाढवलेले असतात आणि त्यांत दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. दोन चमचे खिरीने ज्याचे ओठ सुजले, त्या बाळाला अशी पुडी वेष्टन न वाचता देणे मला मान्य नाही. याच कारणाने 'दूध चालत नाही तर दही किंवा ताक द्यावे का' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही नाही असेच आहे. विरजणातील जिवाणू दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, काही प्रमाणात खाऊन टाकतात, म्हणून लॅक्टोज न पचणाऱ्या माणसाला दही सोसते. बाळाची अ‍ॅलर्जी प्रथिनाची आहे, आणि केसीन हे प्रथिन दह्यातही तसेच राहते. शेळीचे आणि म्हशीचे दूध ही पळवाटही बंद आहे, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती आहेत की बहुतेक मुलांना त्यांनीही तशीच प्रतिक्रिया येते.

शीवरून काढलेल्या जिवाणूंच्या अहवालावर पैसे खर्च करू नयेत. तपासणीचे तंत्र खोटे नाही, जिवाणूंच्या जनुकांवरून त्यांची ओळख खरोखरच पटते. अडचण अशी की या वयात आतड्यातील वस्ती आठवड्या-आठवड्याला बदलते, दहा महिन्यांच्या मराठी बाळासाठी 'योग्य' वस्ती कोणती याचे मापदंड नाहीत, आणि अहवाल काहीही आला तरी उपचारात एक चमच्याचाही फरक पडत नाही. ज्या तपासणीने निर्णय बदलत नाही ती करू नये, हा आमच्या व्यवसायातला जुना नियम येथेही लागू आहे.

मग करायचे काय? सर्वांत आधी, अचानक प्रतिक्रिया आल्यास काय करावे याची लेखी सूचना आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी. श्वास घरघरू लागणे, आवाज बसणे, बाळ एकाएकी मलूल पडणे, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या होणे, यांपैकी काही दिसले तर त्यावर पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिनचे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले इंजेक्शन हेच आहे, अ‍ॅलर्जीचे गोड औषध नव्हे. ते घरी ठेवायचे का आणि कोणी द्यायचे, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावे, आणि इंजेक्शन दिले तरी लगेच रुग्णालय गाठावे. दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ बाळाला तोंडावाटे बंद ठेवावेत. बिस्किटे, रस्क, तयार सेरेलॅकसारखे अन्न आणि प्रसादाचे पेढे यांवर विशेष लक्ष ठेवावे. अंगावरच्या दुधाने बाळाला आजवर काही झालेले नसेल, तर आपण स्वतः दूध सोडण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुधाच्या भीतीने बाकीचे अन्न पुढे ढकलू नये. जिवाणूंविषयी आज घरच्या घरी जे काही करता येते ते येथेच आहे. अंगावरच्या दुधातील विशिष्ट शर्करा बिफिडोबॅक्टेरियमला पोसतात, आणि वरचे अन्न सुरू झाले की चोथ्यावर जगणाऱ्या क्लॉस्ट्रिडियाचा काळ येतो. म्हणून नाचणी, ज्वारी, मुगाची व मसुराची डाळ, लाल भोपळा, रताळे, पालेभाजी, केळे, चिकू असे नाना प्रकारचे अन्न मऊ करून रोज द्यावे. याने अ‍ॅलर्जी बरी होईल असे मी म्हणत नाही. परंतु जिवाणूंना बाहेरून आणून बसवण्यापेक्षा आत असलेल्यांना खायला घालणे हे कमी धोक्याचे आणि कमी खर्चाचे आहे. अंडे आणि शेंगदाणा यांच्याविषयी मात्र डॉक्टरांना आधी विचारावे, आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर लवकर सुरू करून आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने द्यावेत. 'लीप' या लंडनमधील चाचणीत ६४० बाळांपैकी ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ३ टक्के होती, आणि ज्यांना टाळायला सांगितले त्यांच्यात सुमारे १७ टक्के. एवढा मोठा फरक पाडणारे कोणतेही प्रोबायोटिक आजवर सापडलेले नाही. आपल्या घरात दाण्याचे कूट कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळ्यात पडते, तेव्हा ते अगदी बारीक करून, पातळ वरणात मिसळून देणे अवघड नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

तिसरी गोष्ट भाजलेल्या दुधाची. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी सुमारे पाऊण मुलांना पिठात मिसळून बराच वेळ ओव्हनमध्ये भाजलेले दूध, उदाहरणार्थ केकमधले, सोसते, आणि जी मुले ते नियमित खातात त्यांची अ‍ॅलर्जी बहुधा लवकर सुटते. पण आपले मूल त्या पाऊण भागात आहे की उरलेल्या पावात, हे घरी ठरवायचे नसते. पहिला घास रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, मोजून द्यायचा असतो. आटवलेले दूध किंवा खवा म्हणजे भाजलेले दूध नव्हे. कितीही उकळले तरी केसीन टिकून राहते आणि त्याला झाकून घेणारे गव्हाचे पीठही तेथे नसते.

जिवाणूंवर आधारलेली खरी औषधे येतील का, असे विचाराल तर मी आशावादी आहे. क्लॉस्ट्रिडियाचे निवडक वाण कॅप्सूलमध्ये भरून आणि निरोगी माणसाच्या शीतील जिवाणू शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मोजक्या प्रौढांना देऊन अमेरिकेत प्राथमिक चाचण्या झाल्या आहेत. तान्ह्या बाळापर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल, आणि तोवर आपल्या बाळाची अ‍ॅलर्जी बहुधा सुटलेली असेल. दर सहा ते बारा महिन्यांनी त्वचेवरील चाचणी व रक्तातील आयजीईची पातळी पुन्हा तपासावी. ती उतरू लागली की दूध देऊन पाहण्याची तारीख ठरवता येते. पुढच्या भेटीला येताना खिरीच्या दिवशीची छायाचित्रे, दोन्ही तपासण्यांचे मूळ अहवाल आणि बाळाला आजवर लावलेल्या तेल-उटण्यांची यादी बरोबर आणावी.